परवानगीशिवाय वाजवणारी पोरं

कुठे काही पेटलं की दोन-चार दिवसांत एक चर्चा हमखास सुरू होते. अमुक गायक अजून गप्प का? तमुक संगीतकाराने भूमिका का घेतली नाही? मग कुणीतरी चार ओळींचं निवेदन काढतो, त्यावर आठवडाभर दोन्ही बाजूंनी धुरळा उडतो, आणि मूळ आग आपल्या गतीने विझते किंवा पसरते. कलावंताने भूमिका घ्यावी की नाही, हा प्रश्न परिसंवादांतून आणि अग्रलेखांतून चघळून चघळून पार चोथा झाला आहे. तरी मी तो पुन्हा काढतोय, कारण माझ्या मते आपण तो उलट्या बाजूने विचारतो. गायकाच्या तोंडून योग्य वाक्य निघालं की त्याचं सामाजिक काम झालं, असं आपण धरून चालतो. तो कोणाच्या परवानगीने गातोय, हे मात्र कुणी विचारत नाही. मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. असं वाटण्याचं कारण प्रागमधला एक बँड आहे. त्याने आयुष्यात एकदाही भूमिका घेतली नाही, आणि तरीही एका राजवटीच्या पायाखालची वाळू सरकायला तो निमित्त झाला.

ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत गटाच्या, देशांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले आणि कम्युनिस्ट पक्षाचा नेता दुब्चेक याचा सुधारणांचा प्रयोग चिरडला गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच मिलान ह्लावसा नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने मित्र गोळा करून 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' हा बँड काढला. आता यातून एक झकास गोष्ट रचता येते: रणगाडे आले आणि तरुणाईने गिटार उचलली. पुढे पुष्कळांनी ती रचलीही. प्रत्यक्षात ह्लावसाच्या डोक्यात रणगाडे नव्हते. त्याला वेड होतं न्यूयॉर्कच्या वेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडचं आणि फ्रँक झाप्पा या अमेरिकन संगीतकाराचं. बँडचं नावसुद्धा झाप्पाच्या एका गाण्यावरून घेतलेलं. तोंडाला रंग फासायचा, अंगावर झगे चढवायचे, दिव्यांचे खेळ करायचे आणि कानठळ्या बसतील असं वाजवायचं, एवढाच कार्यक्रम. त्या वयात जगभरची पोरं जे करत होती, तेच.

भानगड झाली ती पुढे. आक्रमणानंतर आलेल्या सरकारने देश 'पूर्वपदावर' आणण्याची मोहीम हाती घेतली आणि या पूर्वपदात संगीतही आलं. त्या व्यवस्थेत व्यावसायिक वादक होण्यासाठी सरकारी मान्यता लागत असे. मान्यता असेल तर मानधन, सभागृह, वाद्यं, रिहर्सलची जागा. नसेल तर पैसे घेऊन वाजवणं बेकायदा. सत्तरच्या दशकात वादकांच्या फेरपरीक्षा सुरू झाल्या. केस किती लांब आहेत, गाणी इंग्रजीत आहेत का, बँडचं नाव परदेशी आहे का, हे सगळं तपासलं जाई. 'ब्लू इफेक्ट' या नावाजलेल्या बँडला आपलं नाव चेक भाषेत 'मोड्री एफेक्ट' असं करून घ्यावं लागलं. बहुतेकांनी हेच केलं. केस कापले, दोन-चार गाणी गाळली, नाव बदललं आणि वाजवत राहिले. मी त्यांना नावं ठेवणार नाही. घर चालवायचं असतं, आणि केस पुन्हा वाढतात.

प्लास्टिक पीपलने मात्र यातलं काहीच केलं नाही. १९७० मध्ये त्यांची मान्यता गेली आणि तिच्याबरोबर सरकारी मालकीची वाद्यंही गेली. यावर त्यांनी निषेधाचं पत्रक काढलं नाही, उपोषण केलं नाही. मिळेल ते काम धरलं, जुन्या रेडिओंचे भाग काढून अॅम्प्लिफायर जोडले आणि वाजवत राहिले. जाहीर मैफली बंद झाल्यावर त्यांनी लग्नांचा आसरा घेतला. लग्न म्हणजे खासगी समारंभ, त्याला परवानगी कशाला? कुणाचं लग्न ठरलं की बातमी तोंडोतोंडी जाई. मग प्रागमधून पोरं आगगाडीने एखाद्या आडगावी उतरत, तिथून शेतातून, जंगलातून चालत जात, आणि कुठल्याशा खानावळीच्या मागच्या दालनात मैफल रंगे. वर्षाकाठी अशा मैफली मोजक्याच. कधी तेवढं सगळं चालून गेल्यावर दारात पोलीस उभे.

आणि हे एवढे हाल सोसून ऐकायचं काय, तर एगॉन बाँडी या विक्षिप्त कवीच्या कविता. त्यातली एक चक्क बद्धकोष्ठावर आहे. व्हायोला आणि सॅक्सोफोन एकमेकांच्या अंगावर धावून जातात, ह्लावसाचा बास एकच घाट पुन्हा पुन्हा चढतो. हे संगीत गोड नाही. पहिल्यांदा ऐकणारा बहुधा दुसऱ्या मिनिटाला बंद करेल. त्यात कुठे 'सत्ता उलथवा' नाही, 'जागे व्हा' नाही, कामगार नाही, क्रांती नाही. (आणखी एक गंमत. हा बाँडी मधून मधून गुप्त पोलिसांना खबरा पुरवत होता, हे १९८९ नंतर कागदपत्रांतून उघड झालं. ज्यांना गाण्यांचं पावित्र्य त्याच्या कर्त्याच्या चारित्र्यात शोधायचं असतं, त्यांनी याचं काय करायचं ते ठरवावं.)

या बँडचा सगळ्यात प्रभावी माणूस मात्र कुठलंच वाद्य वाजवत नव्हता. इव्हान यिरोऊस हा कला-इतिहासाचा अभ्यासक. बँडचा कलाविषयक सल्लागार म्हणून तो त्यांच्यात आला आणि त्यांचा मेंदू झाला. पिणारा, भांडखोर, तोंडाळ माणूस. वेगवेगळ्या शिक्षा मिळून त्याने आयुष्यातली आठ वर्षांहून अधिक तुरुंगात काढली. १९७५ मध्ये त्याने एक लेख लिहिला आणि त्यात 'दुसरी संस्कृती' ही कल्पना मांडली. तिचा मथितार्थ असा: सरकारमान्य संस्कृतीशी भांडत बसू नका. तिचं व्यासपीठ, तिचे पुरस्कार, तिचं रेडिओवरचं अर्ध्या तासाचं दान यांच्यावर डोळा ठेवू नका. तिच्यापासून पूर्ण वेगळी, आपली आपण उभी केलेली जागा बांधा. तिथे आपले श्रोते असतील, आपले निकष असतील, आपले टीकाकार असतील.

वरवर पाहता हा पळपुटेपणा वाटतो. जंगलात जाऊन वाजवल्याने हुकूमशाहीला काय फरक पडतो, असं कुणीही विचारील. पण ती व्यवस्था कशी चालत होती हे लक्षात घेतलं तर यिरोऊसचं म्हणणं किती मुळावर घाव घालणारं होतं ते कळतं. १९७० नंतरच्या चेकोस्लोव्हाकियात सरकारला लोकांचं प्रेम नको होतं, त्याने ती अपेक्षा कधीच सोडली होती. त्याला हवी होती ती फक्त अर्ज करण्याची सवय. नोकरीसाठी अर्ज, मुलाच्या प्रवेशासाठी अर्ज, गाण्यासाठी अर्ज. अर्ज करणारा माणूस मनात काय म्हणतो याच्याशी सरकारला देणंघेणं नव्हतं. घरी बसून तो खुशाल शिव्या घालो. जो अर्जच करत नाही, त्याचं काय करायचं हे मात्र सरकारच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

म्हणून मग लाठी. मार्च १९७४ मध्ये चेस्के बुद्येयोव्हित्से शहराजवळच्या रुडोल्फोव्ह या गावी मैफल ठरली होती. शेकडो तरुण जमले. पोलिसांनी कार्यक्रम होऊच दिला नाही. पोरांना रेल्वे स्थानकाकडे हाकलत नेलं, लाठ्यांनी बडवलं आणि गाडीत कोंबून परत पाठवलं. पुढे चौकशा झाल्या, कितीतरी जणांचं शिक्षण त्यात संपलं. त्या दिवशी प्लास्टिक पीपलचा एक सूरही वाजला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. संगीताचा प्रभाव मोजू पाहणाऱ्याने आधी याचा हिशेब लावावा. जे तिथे जमले होते, ते एकमेकांना दिसले. आपल्यासारखे आणखी आहेत, हे त्यांना समजलं. सरकारनेही त्यांना पाहिलं आणि ते घाबरलं.

मार्च १९७६ मध्ये धरपकड झाली. महिनाभर आधी बोयानोव्हित्से इथे यिरोऊसच्या स्वतःच्या लग्नात दुसऱ्या संस्कृतीचा महोत्सव पार पडला होता, त्याचं हे उत्तर. सप्टेंबरमध्ये प्रागला खटला उभा राहिला. आरोप राजकीय नव्हताच: गुंडगिरी, सार्वजनिक शांतताभंग, अश्लील शब्द. यिरोऊसला अठरा महिने, 'डीजी ३०७' या दुसऱ्या बँडच्या पावेल झायीचेकला बारा महिने, सॅक्सोफोनवाला व्रातिस्लाव ब्राबेनेत्स आणि गाणारा पाद्री स्वातोप्लुक कारासेक यांना आठ-आठ महिने.

इथपर्यंतची कथा अनेक देशांत घडली आहे. लांब केसांची पोरं, पोलीस, शिक्षा, वर्तमानपत्रात 'समाजकंटक' म्हणून चार ओळी, आणि विषय संपतो. प्रागमध्ये तो संपला नाही, याचं श्रेय गाण्याला नाही आणि गायकांनाही नाही. ते आहे ज्यांना हे संगीत बहुधा आवडतही नव्हतं अशा काही प्रौढ माणसांना.

त्या वेळचे सरकारविरोधक म्हणजे पक्षातून हाकललेले सुधारणावादी कम्युनिस्ट, लिहायला बंदी असलेले लेखक, धर्मगुरू, प्राध्यापक. त्यांचे आपसातच पटत नसे. आणि या दारुड्या, केसाळ पोरांशी तर त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. नाटककार वाक्लाव हावेल यिरोऊसला पहिल्यांदा भेटला तोच मुळी १९७६ च्या सुरुवातीला, अटकेच्या थोडं आधी. भेटीपूर्वी दोघांच्याही मनात एकमेकांबद्दल शंका होत्या. खटला सुरू झाल्यावर हावेल न्यायालयात जाऊन बसला आणि नंतर त्याने त्यावर एक निबंध लिहिला. त्याच्या शेवटी एक प्रसंग आहे. रस्त्यात ओळखीचा एक चित्रपट दिग्दर्शक भेटतो. हावेल सांगतो की आपण त्या बँडच्या खटल्याहून येतोय. दिग्दर्शक विचारतो, ड्रग्जचं प्रकरण आहे का? हावेल समजावून सांगू पाहतो. तो मान डोलावतो आणि विषय बदलतो. भूमिका घेणं-न घेणं यावर मी वाचलेल्या सगळ्या परिसंवादांपेक्षा हा प्रसंग मला जास्त शिकवून जातो. तो दिग्दर्शक दुष्ट नाही. त्याला फक्त ते प्रकरण आपलं वाटत नाही.

हावेलचा युक्तिवाद साधा होता, आणि पोलादी होता. राजकीय विरोधकांना सरकार तुरुंगात टाकतं तेव्हा निदान दोन्ही बाजूंना खेळाचे नियम माहीत असतात. या पोरांनी सत्तेकडे काहीच मागितलेलं नव्हतं. त्यांना त्यांच्या मनासारखं जगायचं आणि वाजवायचं होतं. त्यासाठी तुरुंग असेल, तर मग उद्या कुणासाठीही आहे. जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लचा शिष्य असलेला तत्त्वज्ञ यान पातोचका तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होता. त्यानेही या दोन बँडसाठी लेखणी उचलली. माझी खात्री आहे की त्याच्या घरी त्यांची एकही ध्वनिफीत नसावी.

यातून उभी राहिली चार्टर ७७ ही नागरी हक्कांची सनद आणि तिच्याभोवतीची चळवळ. तिचा पाया कायद्याचा होता. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार चेकोस्लोव्हाकियाने मान्य केला होता, १९७६ मध्ये तो देशात लागूही झाला होता आणि सरकारी राजपत्रात १२० क्रमांकाने छापून आला होता. चार्टरवाले म्हणाले, तुम्हीच छापलंय, तेवढं पाळा. जानेवारी १९७७ मध्ये सुमारे अडीचशे लोकांच्या सह्यांनिशी ती जाहीर झाली. माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक, पातोचका आणि हावेल हे पहिले प्रवक्ते. मार्चमध्ये पोलिसांच्या लांबलचक चौकश्यांनंतर पातोचका मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. चार्टर मात्र टिकली, आणि १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा तिच्याशी वाटाघाटीला बसलेल्यांत चार्टरचीच माणसं पुढे होती.

संगीताने समाज बदलतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मी ही कथा ऐकवतो, आणि काहीच बदलत नाही म्हणणाऱ्यांनाही हीच. संगीताने इथे एक जागा तयार केली. ती जागा परवानगीबाहेर होती म्हणून सत्तेला ती खुपली. सत्तेने हात उगारला तेव्हा ज्यांचा त्या संगीताशी संबंध नव्हता अशा लोकांनी 'हे आमचंही आहे' म्हटलं. यातली तिसरी पायरी गळाली असती तर आज ह्लावसाचं नाव प्रागबाहेर कुणाला ठाऊक नसतं. आपण मात्र सगळा भार पहिल्या पायरीवर टाकतो. गायकाने गावं, गायकाने बोलावं, गायकाने तुरुंगात जावं; आपण ऐकू, आणि मनातल्या मनात भारावून जाऊ.

आता दुसरी बाजू. 'आम्ही राजकारणात नाही, आम्ही फक्त गातो' हे वाक्य प्लास्टिक पीपल म्हणत होते, आणि त्याच शहरात, त्याच काळात हेच वाक्य कारेल गॉटही म्हणत होता. गॉट हा त्या देशाचा सगळ्यात लाडका गायक. सोन्याची बुलबुल म्हणून मिळणारा लोकप्रियतेचा पुरस्कार त्याने इतक्या वेळा जिंकला की बाकीच्यांनी आशा सोडावी. जर्मनीतही त्याचे चाहते अफाट. चार्टर निघाल्यावर सरकारने कलावंतांना गोळा करून तिच्याविरुद्ध जाहीरनामा काढवला. २८ जानेवारी १९७७ ला राष्ट्रीय नाट्यगृहात मोठी सभा झाली, आठवड्याने सुगम संगीतवाल्यांची वेगळी सभा झाली आणि तिथे गॉटने भाषण केलं. देशभरातल्या सात हजारांहून अधिक कलावंतांनी सह्या केल्या. त्यांतल्या बहुतेकांनी चार्टर वाचलीच नव्हती, कारण ती कुठे छापू दिलेली नव्हती.

म्हणजे ज्यांनी भूमिका घ्यायची नाही असं ठरवलं होतं, त्यांनाच भूमिका घ्यावी लागली. ती त्यांच्या हातात तयार देण्यात आली. परवानगीचा स्वभावच असा असतो: ती देणारा एका दिवशी तिची किंमत सांगतो, आणि तो दिवस कोणता हे तोच ठरवतो. गॉट २०१९ मध्ये गेला तेव्हा त्याच्या अंत्यदर्शनाला प्रागमध्ये हजारोंची रांग लागली, सन्मानाने निरोप दिला गेला, आणि त्या जाहीरनाम्याची आठवण काढणाऱ्यांना लोकांनी खडसावलं. मला त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांचा राग येत नाही. त्यांच्या लग्नात, वाढदिवसांत, एकटेपणात गॉटचा आवाज होता. गॉटचं गाणं खोटं नव्हतं. तो ज्या जमिनीवर उभा होता, ती मात्र त्याची नव्हती.

आपल्याकडे यासाठी राजाश्रय आणि लोकाश्रय अशी जुनी जोडी आहे. पण ती इथे पुरत नाही. गॉटला दोन्ही होते. प्लास्टिक पीपलला राजाश्रय नव्हताच, आणि लोकाश्रयही मूठभरांचा. त्यांच्याकडे होता तो स्वाश्रय म्हणावा असा काहीतरी प्रकार: स्वतः जोडलेला अॅम्प्लिफायर आणि मित्राचं लग्न. तेवढ्याचीही सत्तेला भीती वाटली, इतकी की ज्या घरांत मैफली झाल्या त्यांतली काही तिने ताब्यात घेतली, काही पाडली.

यावर कुणी मार्ता कुबिशोवाचं नाव घेईल, आणि ते योग्यच आहे. १९६८ मध्ये तिने गायलेलं 'मार्तासाठी प्रार्थना' हे शांतीची याचना करणारं गाणं आक्रमणाच्या दिवसांत घराघरात पोचलं. तिथे शब्दच काम करत होते. १९७० मध्ये बनावट अश्लील छायाचित्रं पसरवून तिचं गाणं बंद पाडण्यात आलं. देशातल्या लोकप्रियतेच्या शिखरावरून ती किरकोळ मजुरीवर आली. पुढे तिने चार्टरवर सही केली, प्रवक्तीही झाली. नोव्हेंबर १९८९ मध्ये वेन्सेस्लास चौकातल्या सज्जातून ती पुन्हा गायली, तेव्हा खाली लाखोंचा जमाव होता. शब्दांना ताकद नसते असं मी म्हणत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावं. पण १९८९ मध्ये त्या शब्दांना जे वजन आलं होतं, ते मधल्या वीस वर्षांच्या गप्पपणातून आलं होतं. तेच गाणं ती या वीस वर्षांत दर वर्षी सरकारी दूरचित्रवाणीच्या नाताळच्या कार्यक्रमात गात राहिली असती, तर त्या चौकात ते कुणी मागितलंही नसतं.

सरकार हुकूमशाही नसलं की परवानगीचा प्रश्न मिटतो, असंही नाही. साठच्या दशकातल्या अमेरिकेचं उदाहरण सगळ्यांच्या ओठांवर असतं: बॉब डिलन, ऑगस्ट १९६३ चा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठीचा वॉशिंग्टन मोर्चा, अडीच लाखांचा समुदाय, आणि बावीस वर्षांचा गिटारवाला. 'एका पिढीचा आवाज' ही पाटी त्याच्या गळ्यात अडकवली गेली आणि पुढच्या दोनच वर्षांत त्याने ती झटकून टाकायचा आटापिटा केला. १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा काही श्रोत्यांनी हुर्यो उडवली. गद्दारीचा आरोप त्याच्या गाण्यावर होता की गिटारच्या तारेवर, हे त्या श्रोत्यांनाही सांगता आलं नसतं. मला डिलन तिथे सोळा आणे बरोबर वाटतो. त्याने कुणाशी करार केलेला नव्हता. केला असेल तर तो रेकॉर्ड कंपनीशी.

पण त्या चळवळीत प्रत्यक्ष कामाला आलेलं संगीत दुसरीकडेच घडत होतं. जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावी १९६१-६२ मध्ये वर्णभेदाविरुद्ध सत्याग्रह झाला. तिथली बर्नीस जॉन्सन ही विद्यार्थिनी, निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल महाविद्यालयातून काढलेली. तिने आणि तिच्या तीन साथीदारांनी 'फ्रीडम सिंगर्स' ही मंडळी उभी केली. चर्चमध्ये, मोर्चात, कोठडीत गायचं, नंतर देशभर हिंडून चळवळीसाठी पैसा गोळा करायचा. गाणी बहुतेक जुन्या भजनांवर बेतलेली, शब्द प्रसंगानुसार बदललेले. कुणाच्या मालकीची नाहीत. पोलीस अधिकाऱ्याचं नाव त्याच दिवशी एखाद्या कडव्यात बसवलं जाई. तिथे गायक आणि श्रोता असा भेदच नव्हता. सगळे गात होते, कारण गाणं थांबलं की भीती वाटायची. या गाण्यांनी डिलनइतकी कीर्ती मिळवली नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही. जे विकता येतं तेच इतिहासाच्या पहिल्या पानावर जातं.

आणि संगीताचा प्रभाव नेहमी चांगल्याच बाजूला असतो, हा भाबडेपणाही सोडायला हवा. रवांडात सिमोन बिकिंदी हा अत्यंत लोकप्रिय गायक होता. युवक मंत्रालयात नोकरीला. त्याची गाणी १९९४ च्या वंशसंहाराच्या दिवसांत द्वेष पेरणाऱ्या रेडिओवर वाजत होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये त्याला पंधरा वर्षांची शिक्षा दिली, आणि ती गाण्यांसाठी दिली नाही. गाडीवरच्या ध्वनिक्षेपकातून तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या लोकांना मारायचं आवाहन त्याने रस्त्यावर केलं होतं, त्यासाठी दिली. भूमिका तर त्याने घेतलीच होती, अगदी ठणठणीत आवाजात. 'कलावंताने भूमिका घ्यावी' हे सूत्र एवढ्यावरच सोडून दिलं, तर बिकिंदी त्यात चपखल बसतो. सत्तेच्या रेडिओवर ज्याला हवा तेवढा वेळ मिळतो, त्याच्या आवेशाबद्दल मला तरी आधी संशय येतो.

आज तरुणांची बंडखोरी कपड्यांच्या दुकानात हँगरवर मिळते, आणि गाण्याला परवानगी देणारा कारकून जाऊन त्याच्या जागी कुठलं गाणं कुणापुढे आणायचं हे ठरवणारा संगणक आला आहे. त्याला सेन्सॉर म्हणता येत नाही, कारण तो काही बंद करत नाही. तो फक्त दाखवत नाही. फेरपरीक्षेत केस कापून जाणाऱ्या वादकांना निदान माहीत होतं की आपण केस कापले. आज गाण्याच्या पहिल्या पाच सेकंदांतच ठेका आणणाऱ्या पोराला आपण कोणती परीक्षा देतोय हेही ठाऊक नसतं. याचा अर्थ सगळ्यांनी जंगलात जावं असा होत नाही. पण एखाद्या गायकाला 'तू गप्प का' असं विचारण्याआधी आपण त्याच्यासाठी दुसरी कुठली जागा ठेवली आहे का, जिथे त्याला या परीक्षेशिवाय उभं राहता येईल, हे श्रोत्यांनी स्वतःला विचारायला हरकत नाही. तिकीट काढून लहान मैफलीला जाणारे किती? ज्याचं गाणं आवडत नाही अशा गायकाच्या अटकेविरुद्ध बोलणारे किती?

प्लास्टिक पीपल १९८८ मध्ये फुटले, तेही याच प्रश्नावर. राजवट सैल पडू लागली होती, जाहीरपणे वाजवण्याची शक्यता दिसत होती, आणि त्यासाठी पुन्हा त्याच दारावर जायचं की नाही यावरून वाद झाला. एका बाजूचं म्हणणं असं की वीस वर्षं ज्याला नकार दिला, त्याच्याकडे आता अर्ज करायचा? ह्लावसाला वाजवायचं होतं. त्याने वेगळा बँड काढला आणि १९८९ मध्ये अमेरिकेचा दौराही केला. पुढे हावेल राष्ट्राध्यक्ष असताना, चार्टरला वीस वर्षं झाली म्हणून १९९७ मध्ये जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली आणि प्रागच्या किल्ल्यात वाजवून गेली. २००१ च्या जानेवारीत ह्लावसा कर्करोगाने गेला, पन्नाशीही गाठली नव्हती.

त्या फुटीत कोण बरोबर, यावर अजून वाद घालणारे आहेत. मी ह्लावसाच्या बाजूने आहे. आम्हाला फक्त वाजवायचं होतं, हे तो आधीही सांगत होता आणि नंतरही. त्याच्या नकाराला प्रतिकार हे नाव इतरांनी दिलं, त्याच्या मैफलींना चळवळ हे नावही इतरांनीच दिलं. ती नावं चुकीची नव्हती. पण ती दिली म्हणून त्याने जन्मभर खानावळीच्या मागच्या दालनातच वाजवत राहावं, असा हक्क ती देणाऱ्यांना मिळत नाही.